गोलमध्ये एकालाच जागा

माझा दादा तसा कुणाचं वाईट चिंतणारा माणूस नाही. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली तर हा खाली उतरून तिचे टायर बघून येतो आणि मनापासून ‘झकास’ म्हणतो. त्याच्या साडूला बढती मिळाली तेव्हा पार्टी दादाच्याच घरी झाली आणि खुर्च्या आणायला तोच पळाला. पण एका माणसाचं नाव निघालं की याच्या पोटात दुखायला लागायचं. त्या माणसाला सगळे मांजर म्हणत. दादाला सगळे खांब म्हणत. दोघंही गोलकीपर, एकाच वयाचे, एकाच क्लबच्या युवा संघातले. सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं.

आमच्या घरात स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत एक अरुंद पॅसेज होता. त्याच्या एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला मी. मी रबरी चेंडू मारायचा, त्याने अडवायचा. आई ओरडायची, “दिवा फुटला तर दोघांना बाहेर झोपवीन.” दिवा बऱ्याचदा फुटला, आम्ही घरातच झोपलो. चौदाव्या वर्षी क्लबने त्याला निवडलं. तिथे गोलकीपरांना शिकवायला एक म्हातारे प्रशिक्षक होते, मुलं त्यांना मामा म्हणायची. आयुष्यभर चेंडू अडवून त्यांची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडीतिकडी झाली होती. ते बाबांना म्हणाले, “मुलगा माझ्याकडे द्या. हा वर जाणार.”

बाबा गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर असायचे. त्या दिवसापासून ब्रेकची वायर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचीही हे वाक्य ऐकल्याशिवाय सुटका नसायची.

क्लबच्या वसतिगृहात मामांनी आपले दोन्ही गोलकीपर एकाच खोलीत ठेवले. दोन लोखंडी खाटा, मध्ये एक टेबल आणि खिडकीच्या गजांवर वाळत टाकलेले हातमोजे. ओल्या हातमोज्यांचा वास इतका, की बाकीची मुलं दारातूनच बोलायची. मांजर बुटका होता, म्हणजे गोलकीपरच्या मानाने बुटका. पण जमिनीलगतचा चेंडू त्याच्या हाताला डिंक लावल्यासारखा चिकटायचा. दादा हवेतले चेंडू झाडावरून फळ काढावं तसे काढायचा. सराव असा, की एकाने मारायचं आणि दुसऱ्याने अडवायचं. म्हणजे रोज सकाळी दादाने मांजराला तयार करायचं आणि मांजराने दादाला.

दोस्ती मात्र घट्ट होती, हे खोटं नाही. सुट्टीत मांजर आमच्याकडे यायचा. आईला ‘काकू, काकू’ करत तिच्या मागे फिरायचा, न सांगता भांडी विसळून ठेवायचा. आई म्हणायची, “शीक जरा याच्याकडून.” की दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्याच. मग तो पॅसेजमध्ये मांजराला उभा करायचा आणि मला सांगायचा, “मार गं याला. जोरात मार.”

बाकीच्या खेळाडूंचं बरं असतं. बचावात जागा नसेल तर मध्ये खेळवतात, मध्ये नसेल तर कडेला. कुणी दमला की दुसऱ्याला आत सोडतात. गोलमध्ये उभा राहतो एकच. दुसरा बाकावर बसून टाळ्या वाजवतो आणि त्याच्या मनात काय चाललंय ते कुणी विचारत नाही. संघ जिंकला तर पुढच्या सामन्यालाही तो बाकावरच. दादाने एकदा मला सांगितलं, “तो खाली पडला ना, की मी स्कोअर बघत नाही. तो उठतोय का, ते बघतो.” हे तो हसत हसत म्हणाला होता. मला काही हसू आलं नाही.

युवा संघात जास्त सामने दादाच खेळला. त्यामुळे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. अठरा पूर्ण झाली की क्लब ठरवतो, कुणाला वरच्या संघाचा करार द्यायचा आणि कुणाला रामराम करायचा. आपल्या दादाला रामराम होईल असं आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आईने तर वर्तमानपत्रात फोटो येईल म्हणून त्याचे केस कापून घेतले होते.

त्या वर्षी वरच्या संघाला नवा मुख्य प्रशिक्षक आला होता. मुलांना एकेक करून ऑफिसात बोलावलं. आधी गेलेली बहुतेक मुलं डोळे पुसतच बाहेर आली. दादाची पाळी आली तेव्हा आत मुख्य प्रशिक्षक, क्लबचे एक साहेब आणि कोपऱ्यात मामा बसले होते. मामा खिडकीबाहेर बघत होते.

“उंची आहे. हात फार चांगले आहेत,” मुख्य प्रशिक्षक म्हणाले. “पण माझा गोलकीपर पायांनी खेळतो. चेंडू पायात घेऊन दोन माणसांना चकवून पास देतो. ते तुझ्यात नाही.”

“शिकतो,” दादा म्हणाला.

“या वयात नाही शिकता येत.”

दादाने मामांकडे बघितलं. मामा अजून खिडकीबाहेरच बघत होते. खरं तर मांजर पायांनी इतका चांगला का खेळायचा, तर तो बुटका म्हणून मामांनीच त्याला रोज वेगळा सराव दिला होता, उणीव भरून काढायला. आणि त्या सरावात समोरून धावून येणारा होता आमचा दादा.

बाबा फाटकापाशी स्कूटरवर बसून होते. दादा बाहेर आला, मागे बसला आणि म्हणाला, “मांजराला घेतलं.” बाबांनी ही हकिकत मला पुढे कितीदा तरी सांगितली. ‘मला नाही घेतलं’ असं तो म्हणालाच नाही. म्हणाला ते एवढंच. बाबांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी स्कूटर सुरू केली.

मांजर त्याच आठवड्यात आमच्याकडे आला होता. दादा आतल्या खोलीत कडी लावून बसला. आईने मांजराला चहा दिला, तो अर्धा प्याला आणि गेला. या वेळी भांडी विसळली नाहीत. त्यानंतर तो आला नाही.

पुढची चार वर्षं दादा क्लब-क्लब फिरला. निवड चाचणीला जायचं, दोन दिवस खेळायचं, ‘कळवतो’ ऐकून परत यायचं. एका छोट्या क्लबने घेतलं, तर त्यांचं मैदान अर्धं खडीचं. तिथे त्याचं करंगळीचं हाड मोडलं. दुसऱ्या क्लबने हंगाम संपायच्या आतच गाशा गुंडाळला. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारायचंच, “तू त्या मांजराबरोबर होतास ना रे? कसा आहे तो?” दादा म्हणायचा, “चांगला आहे.” आणि घरी येऊन उशीवर बुक्के मारायचा. बावीस-तेविसाव्या वर्षी तो बाबांना म्हणाला, “बास झालं. काहीतरी काम बघतो.” बाबांच्या ओळखीने लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत शिकाऊ म्हणून लागला. हात लांब आणि डोकं शांत, त्यामुळे काम त्याला जमलं. शाफ्टमध्ये उतरायचं, दोर तपासायचे, दाराचा सेन्सर पुसायचा, अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर देत दार उघडायचं. लोक बाहेर येऊन त्याचे हात धरतात. तो म्हणतो, अडवण्यापेक्षा हे काम बरं, इथे निदान कुणी बाहेर येतं.

लग्न झालं. वहिनी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे आणि तिच्या जिभेला डॉक्टरांच्या अवजारांपेक्षा जास्त धार आहे. लग्नानंतर तिला हळूहळू कळलं, की या घरात एक तिसरा माणूसही राहतो आणि तो टीव्हीत असतो. मांजर एव्हाना वरच्या संघाचा पहिला गोलकीपर झाला होता. त्याचा सामना असला की दादा सोफ्याच्या कडेवर बसायचा, पुढे वाकून. बाकीच्या खेळाडूंकडे त्याचं लक्षच नसायचं. चेंडू दुसऱ्या टोकाला असला तरी हा मांजराला शोधायचा. “बघ, कुठे उभा आहे! पुढे यायला पाहिजे होतं.” मांजराने अप्रतिम चेंडू अडवला, की दादा म्हणायचा, “सरळ अंगावर तर मारला त्याने.” गोल झाला की याला आतून उकळ्या फुटायच्या, पण चेहरा गंभीर ठेवून तो उठायचा, स्वयंपाकघरात जाऊन गार पाणी प्यायचा.

एकदा वहिनी माझ्यासमोरच म्हणाली, “अहो, लग्नाला सहा वर्षं झाली. मी केस कापून आले तर तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळतं. आणि त्या माणसाने बुटाची नाडी बदलली तरी लगेच दिसतं. मला कुणी सवत आणली असती तरी चाललं असतं, तिच्याशी भांडता तरी आलं असतं.”

“काहीतरीच काय बोलतेस,” दादा म्हणाला. पण कान लाल झाले होते.

मग एका हंगामात मांजराचा खांदा दुखावला. महिनाभराने तो परत खेळायला लागला आणि दादाच्या एक गोष्ट लक्षात आली. डाव्या हाताला खालून येणाऱ्या चेंडूवर झेप घ्यायच्या आधी मांजर उजवा पाय किंचित मागे टाकायला लागला होता. एवढंसंच, पण तेवढ्यात चेंडू निघून जायचा. खांद्यावर पडायची भीती पायात उतरली होती. समालोचक म्हणायचे, “नशिबाने साथ दिली नाही.” दादा पाणी प्यायला उठायचा. त्याने ते कुणालाही सांगितलं नाही, वहिनीलासुद्धा नाही. बायकोपासून दागिना लपवून ठेवावा तसं ते त्याने जपून ठेवलं होतं.

त्या क्लबच्या स्टेडियममध्ये पाहुण्यांसाठी एक लिफ्ट आहे आणि तिच्या देखभालीचं काम दादाच्याच कंपनीकडे होतं. दादा ते काम कायम सहकाऱ्याच्या गळ्यात घालायचा. पण एकदा सहकारी आजारी पडला आणि लिफ्ट मधल्या मजल्यावर बंद पडली. नाइलाजाने दादाला जावं लागलं. काम संपवून तो दार उघडमीट करून बघत होता, तर समोर खांद्याला पट्टा बांधलेला मांजर उभा.

“खांब्या!” त्याने दादाला ग्रीसच्या हातांसकट मिठी मारली. “अरे, तू इथे?”

“लिफ्ट,” दादा म्हणाला.

दोघं रिकाम्या स्टँडमध्ये जाऊन बसले. खाली मैदानावर युवा संघातून नुकताच वर आलेला एक पोरगा गोलमध्ये झेपा घेत होता. उंच, लांब हातांचा आणि पायांनीही खेळणारा. मांजर बोलत होता दादाशी, पण डोळे त्या पोरावर. मध्येच थांबून म्हणाला, “बघ, सगळे म्हणतात हा माझी जागा घेणार. सकाळी मीच याला चेंडू मारतो. रोज वाटतं, मुद्दाम चुकीचे मारावेत.”

ते ऐकून कसं वाटलं, ते दादाने मला नंतर सांगितलं. स्वतःच्याच तोंडचं वाक्य दुसऱ्याकडून ऐकल्यासारखं.

मग मांजर म्हणाला, “खांब्या, माझं काहीतरी बिनसलंय. व्हिडिओ दाखवतात, आकडे दाखवतात, सगळे म्हणतात आत्मविश्वास कमी झालाय. तू सांग. तू मला खेळताना जितकं बघितलंयस तितकं माझ्या आईनेही नसेल. माझं काय चुकतंय?”

ओठावर आलं होतं. एक वाक्य, पाय मागे टाकू नकोस. दादाने खाली मैदानाकडे बघितलं, हातावरचं ग्रीस फडक्याने पुसलं आणि म्हणाला, “काही नाही रे. छान खेळतोस. नशीब फिरेल.”

त्या संध्याकाळी तो शीळ घालत घरी आला, असं वहिनी म्हणाली. पण जेवला नाही. पुढच्या सामन्यात डावीकडून खालून चेंडू आला, पाय मागे गेला, गोल झाला. कॅमेरा मांजराच्या चेहऱ्यावर गेला. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता, त्यांनी दगा दिल्यासारखा. दादा सोफ्यावरून हलला नाही.

“पाणी आणू?” वहिनीने विचारलं.

“नको.”

“आज काय झालं? गोल झाला ना त्याच्यावर?”

मग त्याने तिला सगळं सांगितलं. पायाचं, स्टँडमधलं, सगळं. वहिनीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दवाखान्यात एखाद्याची कीड दिसली आणि आमच्या डॉक्टरांनी मजा बघत बसायचं ठरवलं, तर तुम्ही त्यांना काय म्हणाल?” दुसऱ्या दिवशी तो कामावरून परस्पर मांजराच्या घरी गेला.

मांजराने दार उघडलं. दादा उभ्या उभ्याच म्हणाला, “डावीकडे खाली जाताना तू उजवा पाय मागे टाकतोस. खांदा दुखावल्यापासून. पाय जागेवर ठेव, चेंडू मिळेल.”

मांजराने तिथेच, दारातच करून बघितलं. एकदा, दोनदा. मग सरळ झाला.

“तुला हे कधीपासून माहितीये?”

“गेल्या हंगामापासून.”

“परवा मी विचारलं तेव्हाही माहीत होतं?”

“होतं.”

“आणि घरी बसून मजा बघत होतास.”

“हो,” दादा म्हणाला.

मांजराने दार लावून घेतलं. आपटलं नाही, सावकाश लावलं. दादा म्हणतो, आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पण पुढच्या सामन्यापासून तो पाय जागेवर राहायला लागला. डावीकडचे चेंडू हातात यायला लागले. वर्तमानपत्रात आलं, ‘मांजराला पुन्हा सूर गवसला’. आता कुणालाही वाटेल, दादाचं मन निवलं असेल. छे! आता तर नुसता जळफळाट. एका सामन्यात मांजराने डावीकडे झेपावून बोटांच्या टोकांनी चेंडू बाहेर ढकलला, सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि दादा सोफ्यावर उभा राहून ओरडला, “तो माझा होता! तो चेंडू मी अडवलाय!”

वहिनी म्हणाली, “धन्य आहे. आधी तो चुकला की तुम्ही खूष. आता तो अडवतो तरी तुमचं पोट दुखतं. याला औषध तरी काय द्यायचं?”

तो हंगाम मांजराने उत्तम काढला. तरीही हंगाम संपल्यावर क्लबने त्याला सोडलं. कारण सरळ होतं. तो पोरगा उंच होता, तरणा होता आणि गोलमध्ये एकालाच जागा. मांजराला खालच्या गटातल्या एका क्लबने वर्षभरासाठी घेतलं, तेही दुसरा गोलकीपर म्हणून. ही बातमी दादाला टीव्हीवरून कळली नाही. मांजराचाच फोन आला, दार लावून घेतल्यानंतरचा पहिला.

“खांब्या, मला काढलं.”

या वाक्याची दादाने किती वाट बघितली होती, हे मला ठाऊक आहे. फोन ठेवून तो थेट माझ्या घरी आला. मी भाजी निवडत होते. तो माझ्यासमोर खुर्चीवर बसला.

“त्या पोराला क्रॉस घेता येत नाही!” तो म्हणाला. “कडेने चेंडू आला की डोळे मिटतो. यांना काही दिसत नाही का? उंची बघून भुलले. याच्यासारखा गोलकीपर यांना जन्मात मिळणार नाही!”

“दादा,” मी म्हटलं, “तू कुणाच्या बाजूने आहेस?”

त्याने माझ्याकडे बघितलं, ताटातली एक शेंग उचलली, मोडली, परत ठेवली. “मला नको होतं हे,” तो म्हणाला. “म्हणजे हवं होतं. पण असं नाही.” मग बराच वेळ तो शेंगाच मोडत बसला. आयत्या मोडलेल्या मिळाल्या म्हणून मीही त्याला थांबवलं नाही.

मांजराने ते वर्ष बाकावर काढलं आणि खेळणं सोडलं. आता तो एका शाळेच्या मैदानावर दर रविवारी मुलामुलींना गोलकीपिंग शिकवतो. त्याने दादाला बोलावलं. दादा आधी ‘वेळ नाही’ म्हणाला, मग ‘बघू’ म्हणाला आणि त्याच रविवारी जुनी ट्रॅकपँट घालून गेला. वहिनीही बघायला गेली होती, आपली सवत प्रत्यक्षात कशी दिसते ते. घरी येऊन म्हणाली, “टीव्हीत बरा दिसायचा.”

दोन गोल आहेत. एकापाशी मांजर, दुसऱ्यापाशी दादा. हवेतले चेंडू दादा शिकवतो, जमिनीवरचे मांजर. आईबापांना मात्र आपलं मूल मांजराच्याच रांगेत हवं असतं, कारण त्याला त्यांनी टीव्हीवर बघितलेलं असतं. दादा रांगा मोजत नाही असं म्हणतो आणि मोजतो. मध्येच मांजर दादाच्या रांगेतल्या एखाद्या मुलीला बोलावून काहीतरी सांगतो. मग दादाचं तोंड बघण्यासारखं असतं. उलट दादाकडचा एखादा मुलगा हवेतला चेंडू सुरेख काढतो तेव्हा मांजर दुसरीकडे बघतो. पण काम संपल्यावर दोघं पायरीवर बसून कुठल्या तरी जुन्या सामन्यावरून हमरीतुमरीवर येतात आणि शाळेच्या शिपायाला त्यांना हाकलावं लागतं.

मागच्या महिन्यात वर्तमानपत्रात त्यांच्या वर्गाबद्दल चार ओळी छापून आल्या, सोबत फोटो. मधोमध मांजर, भोवती मुलं आणि एका कडेला फक्त एक कोपर. दादा तो कागद घेऊन माझ्याकडे आला.

“बघ. याला म्हणतात दोस्त.”

“फोटो काढणाऱ्याची चूक आहे रे,” मी म्हटलं. “आणि हे कोपर कुणाचंही असू शकतं.”

“माझंच आहे,” तो म्हणाला. “खरचटलेलं दिसत नाही का?”

‘या रविवारी मी जाणार नाही’, असं त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. गेला, आणि मांजर यायच्या आधीच जाऊन गोलची जाळी बांधून मोकळा झाला.